कोटाची खुंटी

क्रॉयडनमधल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मी तीन वर्षं टॉवेल आणि चादरी विकल्या. त्या दुकानाच्या मागच्या, फक्त नोकरांसाठी असलेल्या जिन्यात एक फ्रेम टांगलेली होती. तिच्यात दुकानाचीच एक जुनी जाहिरात होती, १९३०च्या दशकातल्या महामंदीतली. हॅट घातलेल्या बायका दारातून आत लोटतायत, वरच्या फलकावर लोकरीची ब्लँकेट, फ्लॅनेलचे पायजमे आणि इनॅमलची पातेली निम्म्या किमतीत, आणि खाली जाड अक्षरांत मालकांचं आश्वासन: दिवस कसेही येवोत, या दुकानाची दारं बंद होणार नाहीत. मी पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवत असे. दारं बंद होणार नाहीत असं लिहून ठेवणाऱ्यांचा माझा थोडाफार अभ्यास होता. त्यामुळे जिना चढताना मी ती जाहिरात रोज वाचायचे आणि रोज थोडी काळजी करायचे.

नवऱ्याला एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम होतं, त्याच्या वर्क परमिटवर आम्ही आलो होतो. माझ्या इतिहासाची इथे कुणाला गरज नव्हती. त्यांच्याकडे स्वतःचाच पुष्कळ होता. टॉवेलांना मात्र माणूस हवा होता.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात, बाथ टॉवेलांच्या शेल्फामागून आवाज आला, "मेल्यानं सगळ्या घड्या विस्कटल्या गो बाई." मी वाकून पाहिलं. साठी ओलांडलेली, चापूनचोपून केस बांधलेली एक बाई एका गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघत होती. छातीवरच्या बिल्ल्यावर बायबलातलं नाव आणि तोंडात अलिबागकडची मराठी.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मग काय तुला घडीवरून वाटलं गुजराती?" ती म्हणाली. "आम्ही बेने इस्राएल. मुंबईचे ज्यू. भायखळ्याला राहायचो, गाव अलिबागच्या अंगाला. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद. इथे तेल नाही, टॉवेल आहेत. शनिवार तोच."

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी दिवे लावायची आणि शनिवारी कामाला यायची नाही. नोकरीला लागताना तिने तेवढी एकच अट घातली होती, आणि त्या वेळच्या मॅनेजरने ती मान्य केली होती. तीस वर्षांत एकही शनिवार तिने दुकानात काढला नव्हता. मी तिला मावशी म्हणू लागले. तिला मूलबाळ नव्हतं. मला भारतात दोन सख्ख्या मावश्या होत्या, पण त्यांनी मला कधी घडी घालायला शिकवली नाही. या मावशीने शिकवली. टॉवेलाच्या तीन घड्या, कडा आत, दुमड गिऱ्हाइकाकडे. "कड दिसली की माल स्वस्त दिसतो," ती म्हणायची.

तिचा नवरा, म्हणजे काका, त्याच दुकानात पहिल्या मजल्यावर पुरुषांच्या सुटांच्या विभागात होते. तिथे त्यांनी सगळा जन्म काढला आणि मग निवृत्त झाले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते विसरायला लागले. आधी चाव्या, मग गॅस, मग रस्ते. मी कामाला लागले त्याच्या पुढच्या वर्षी एकदा ते घरातून निघाले आणि ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यावर पोलिसांना सापडले. कौन्सिलची सोशल वर्कर घरी आली. चांगली बाई होती, चहा घेतला, नीट बोलली. म्हणाली, पुन्हा एकदा जरी असं झालं तर त्यांना घरी ठेवणं सुरक्षित नाही असं मला लिहावं लागेल. मग प्लेसमेंट बघू.

मावशीने हे मला दुसऱ्या दिवशी चादरी लावताना सांगितलं. पुण्यात प्लेसमेंट झाली की लोक पेढे वाटतात. इथे त्या शब्दाचा अर्थ एक खोली, एक पलंग आणि खिडकीला न उघडणारी कडी.

"पन्नास वर्षं मी ह्यांच्या शेजारी झोपत्येय," ती म्हणाली. "ह्यांना तिकडे रात्री जाग आली तर कुणाला हाक मारतील? त्यांची इंग्लिश आता दुपारपर्यंतच चालते."

ते खरं होतं. काकांची इंग्लिश सकाळी ताजी असायची, दुपारनंतर ती ओसरत जायची आणि खालून मराठी वर यायची.

मावशीने तोडगा काढला. डे सेंटरला काका बसायला तयार नव्हते. ("तिथे गिऱ्हाईक कुठे आहे?") म्हणून ती त्यांना सकाळी स्वतःबरोबर दुकानात आणू लागली. मॅनेजर जुना होता, काकांच्या हाताखाली शिकलेला. त्याने काही विचारलं नाही. काका सुटांच्या विभागात जाऊन आपल्या जागी उभे राहायचे, गळ्यात मापाची टेप, अंगात कोट. कोट दुकानाच्याच स्वतःच्या ब्रँडचा, करडा, नोकरांच्या सवलतीत घेतलेला. आतल्या बाजूला, दुकानाच्या लेबलाखाली, मावशीने एक पांढरी पट्टी शिवली होती. तिच्यावर नाव, पत्ता आणि फोन. खिशात त्यांचा ट्रॅमचा पास.

ते काही विकायचे नाहीत. गल्ल्याला हात लावायचे नाहीत. माप घ्यायचे आणि मत द्यायचे. पँटची लांबी बघायला गुडघ्यावर बसायचं झालं तर आधी कोट काढून फिटिंग रूमच्या दाराशेजारच्या पितळी खुंटीवर टांगायचे, टाचण्या लावून झाल्या की उठून कोट परत घालायचे आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलायचे. कोटाशिवाय फ्लोअरवर, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर, उभं राहायचं नाही, हा त्यांच्या वेळचा नियम होता. बाकी सगळं गेलं तरी तो नियम त्यांच्याकडे होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याशी बोलायला जायचे. रोज ते मला आदराने विचारायचे, "नवीन का तुम्ही? कुठल्या काउंटरला?"

"टॉवेल, काका."

"चांगलं डिपार्टमेंट आहे. तिथे माझी मिसेस आहे. कडक आहे, सांभाळून राहा."

दोन हजार आठ सरताना दुकान बुडालं. एका गुरुवारी सकाळी आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि कुणीतरी कागदावरून वाचून दाखवलं. त्यात "दुःख" हा शब्द एकदा आणि "प्रक्रिया" हा शब्द बऱ्याच वेळा होता. पुढच्या आठवड्यात माल विकून टाकायला बाहेरच्या कंपनीचा एक माणूस आला. त्याला विक्री सल्लागार म्हणायचं होतं. हातात वॉकी-टॉकी, अंगात चकचकीत सूट. त्याने आम्हाला पुन्हा कॅन्टीनमध्ये उभं केलं आणि सांगितलं की ही एक अत्यंत उत्साहवर्धक संधी आहे. कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही. मावशी माझ्या कानात म्हणाली, "ह्याच्या मयताला पण हा असाच बोलेल."

काकांचं मत वेगळं होतं. त्यांनी त्याला लांबून न्याहाळलं आणि म्हणाले, "त्याची बाही पाऊण इंच लांब आहे. कुणी विकला हा सूट?"

पिवळ्या-काळ्या पाट्या लागल्या. एव्हरीथिंग मस्ट गो. आधी सगळ्या किमती चढवल्या, मग त्या आम्हालाच लाल पेनने खोडायला लावल्या. लॉऱ्या भरून कुठल्या कुठल्या गोदामांतला माल आला आणि आमच्या शेल्फांवर आमचाच म्हणून बसला. न धुताच रंग सोडणारे टॉवेल मी "शेवटची संधी" म्हणून विकले. मंदीची बातमी रोज टीव्हीवर होती, माणसांच्या नोकऱ्या जात होत्या, माझ्या नवऱ्याच्या बँकेतही दर शुक्रवारी एखादं टेबल रिकामं होत होतं; पण आमच्या दुकानात पूर्वी कधी पाहिली नव्हती इतकी गर्दी. लोक रडव्या आवाजात म्हणायचे, "अरेरे, माझ्या आईने मला इथूनच शाळेचा कोट घेतला होता," आणि मग विचारायचे, "याच्यावर अजून किती सूट?" वर्षानुवर्षं एक रुमाल न घेतलेली माणसं दुकानाच्या आठवणीने व्याकूळ होत ट्रॉल्या भरत होती.

आणि सामान. नुसता माल नव्हे, दुकानाचं सामानही विकायला काढलं. रॅक, आरसे, पुतळे, काउंटर. प्रत्येकावर स्टिकर. ती महामंदीतली जाहिरात एका बाईने घेतली. तिला फ्रेम हवी होती. तिने मागचे खिळे वाकवून आतला कागद काढला, जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि फ्रेम काखेत घालून निघून गेली. टोपीवाल्या बायका तशाच पायरीवर पडून होत्या, आम्ही त्यांना ओलांडून जात होतो.

या सगळ्यात एकच माणूस खूश होता, काका. सेल चांगला चाललाय असं ते सगळ्यांना सांगत होते. फक्त कामाची पद्धत बिघडली होती म्हणून ते जमेल तिथे सुधारत होते. एका जाड्या माणसाने हातात सूट धरला होता, कमी किमतीत, बदलून न मिळणारा. काका त्याच्यासमोर उभे राहिले. "साहेब, हा घेऊ नका. खांद्यात ओढतो. पुढच्या आठवड्यात या, मी तुमच्यासाठी मागवून ठेवतो." माणसाने सूट ठेवून दिला. सल्लागार वॉकी-टॉकी घेऊन धावत आला. "हा माणूस कोण आहे? हा पगारावर आहे का?"

मॅनेजर म्हणाला, "ते आमचे सगळ्यात जुने सहकारी."

"मला वाटलं गिऱ्हाइकांना परत पाठवायला नेमलंय."

त्या दिवसापासून मावशी जीव मुठीत धरून होती. तिचा हिशेब साधा होता. दुकान बंद होईपर्यंतचे दिवस काढायचे. मग ती दिवसभर घरीच, दार तिच्या नजरेसमोर. सोशल वर्करला लिहायला काही उरणार नाही. "सहा दिवस गो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी, "पाच."

शेवटच्या आठवड्यात वरचे मजले बंद केले आणि उरलंसुरलं सगळं तळमजल्यावर आणलं. सूट, टॉवेल, किटल्या, बायकांच्या टोप्या, सगळं एका हॉलमध्ये. काकांना त्यांची जागा सापडेना. ते बंद जिन्याच्या दोरीपाशी उभे राहून वर बघत होते. मग मावशीने मॅनेजरला गळ घातली आणि त्याने स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन पहिल्या मजल्यावरची ती पितळी खुंटी काढली आणि तळमजल्यावरच्या एका खांबावर बसवली. कोटांचा रॅक त्या खांबाशेजारी सरकवला. काकांनी खुंटी पाहिली, तिला हात लावला, आणि तिथे उभे राहिले. प्रश्न मिटला.

शेवटचा दिवस शनिवार होता. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, पण मावशी त्यासाठी आली नसती. दुकानाच्या दारावरची पाटी काकांनी आदल्या दिवशी वाचली होती: शेवटचा दिवस. पहाटेच ते दाढी करून, कोट घालून दारात उभे राहिले. तिने समजावलं, ओरडली, दाराला पाठ लावून उभी राहिली. ते नम्रपणे म्हणाले, बाई, वाट द्या, सेलचा शेवटचा दिवस आहे. शेवटी तिने स्कार्फ बांधला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी कामावर आली.

"शब्बाथ मोडला," ती मला म्हणाली. "पण हे एकटे निघाले असते, ते चाललं असतं का?"

मी म्हटलं, "देव समजून घेईल."

"तुमचे तेहतीस कोटी आहेत, त्यातला कुणीतरी घेईल. आमचा एकच आहे. त्याचा मूड असायला हवा."

सकाळी एक माणूस माझ्या गल्ल्याशी पिशवी घेऊन आला. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करणारा. दुकानभर फिरून त्याने खुंट्या, मुठी, बिजागऱ्या काढल्या होत्या. पितळी सटरफटर, एक पिशवी. रांग दारापर्यंत होती. मी पिशवीत डोकावले नाही. सल्लागाराने सांगितलेली ठोक किंमत मारली आणि पुढच्याला बोलावलं.

दुपारी सल्लागाराने मावशीला तिसऱ्या मजल्यावर राहिलेले पडदे काढून आणायला पाठवलं. जाताना ती माझ्या गल्ल्यापाशी आली.

"ह्यांच्यावर नजर ठेव. अर्ध्या तासात येत्ये."

"ठेवते मावशी. जा तुम्ही."

मी पाहिलं तेव्हा काका एका तरुण मुलाच्या पँटची लांबी बघत होते. मुलाला सोमवारी कुठेतरी इंटरव्ह्यूला जायचं होतं, पँट पायात घोळत होती. काका म्हणत होते, "मंगळवारी तयार मिळेल." शिंप्यांची खोली रिकामी होऊन महिना झाला होता. मुलगा समजूतदार होता. "थँक यू, सर," म्हणाला. काका गुडघ्यावर बसले होते, नुसत्या शर्टावर. त्यात मला वावगं काही दिसलं नाही. गुडघ्यावर बसताना ते कोट काढत असतच.

मग रांग पुढे आली. एक माणूस, त्याच्या हातात तीन कोट. दोन कोटांना किमतीची चिठ्ठी होती, तिसऱ्याला नव्हती. शेवटच्या दिवसांत निम्म्या मालाच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. बिनचिठ्ठीच्या कोटाला एकच ठरलेली किंमत होती. मी कॉलर उचलून आत दुकानाचं लेबल आहे तेवढं पाहिलं. करडा. मग घडी घातली, मावशीने शिकवली तशी, बाह्या आत, अस्तर झाकून. हाताला अस्तर कोमट लागलं. मला वाटलं, आत्ताच कुणीतरी घालून बघितला असेल. तेवढंच वाटलं. मी तो पिशवीत सरकवला आणि त्या माणसाला म्हणाले, एन्जॉय.

पुढची पाचसात गिऱ्हाइकं झाल्यावर मी मान वर केली. मुलगा घोळती पँट हातात धरून रांगेत उभा होता. काका नव्हते. खांबावर खुंटीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती, आणि शेजारी कोटांचा रॅक.

"ते सर कुठे गेले?" मी मुलाला विचारलं.

"कोट शोधत होते. मग म्हणाले, असं उभं राहणं बरोबर नाही, घरून दुसरा घालून येतो."

दारावरचा सिक्युरिटी गार्ड एजन्सीचा होता, तीन दिवसांपूर्वी आलेला. "म्हातारे गृहस्थ? हो, गेले. मला सॉरी म्हणाले, व्यवस्थित कपडे नाहीत म्हणून. मी दार धरलं त्यांच्यासाठी."

बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. मी गल्ला उघडा टाकून धावले. ट्रॅमच्या थांब्यावर पंधरा माणसं होती, सगळ्यांच्या अंगात कोट. मी परत आले तेव्हा मावशी कवेत पडदे घेऊन जिन्यातून उतरत होती. तिने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पडदे तिथेच टाकले.

पोलिसांना कळवून आम्ही संध्याकाळभर ट्रॅमच्या दोन्ही टोकांना जाऊन आलो. तिच्या घरी, बाजारात, स्टेशनवर, गेल्या वेळी सापडले होते त्या बाकावर. वर्णन विचारलं की मावशी सांगायची, "ग्रे कोट, आत नाव आहे." मी तिच्या शेजारी उभी असायचे. पहिल्या वेळी मला बोलायला हवं होतं. दुसऱ्या वेळी मी पोलिसाला बाजूला घेऊन सांगितलं, कोट नाही, पांढरा शर्ट. कोटाचं काय झालं ते सांगितलं नाही.

त्या बाकापाशी ती थांबली आणि ओल्या हाताने डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. "एलियाहू हन्नाबी," ती म्हणाली, "हे सापडू देत. मलिदा करीन." भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, आणि वर फळं, मलिद्याचं तबक हा एलियाहू प्रेषिताला त्यांचा नवस. तो ती मराठीत बोलली, एखाद्या शेजाऱ्याला निरोप द्यावा तशी.

काका सापडले. खरं तर ते सात वाजताच सापडले होते. एका फाटकापाशी बसलेले बघून कुणीतरी अँब्युलन्स बोलावली होती. हॉस्पिटलात त्यांना नाव विचारलं तेव्हा ते सांगता आलं नाही. अंगावर नाव नव्हतं. पत्ता विचारला तेव्हा त्यांनी दुकानाचा सांगितला. नर्सने दुकानाचा नंबर शोधून लावला. तो संध्याकाळी सहा वाजता कायमचा तोडला होता. त्यामुळे ते कोण आहेत हे जुळवायला सकाळ झाली. मावशी पोहोचली तेव्हा त्यांना ताप होता, आणि ते एका वॉर्डबॉयला मराठीत सांगत होते की गिऱ्हाईक थांबलंय.

न्यूमोनियातून ते उठले, पण दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे जिने चढण्याइतके उठले नाहीत. त्यांना पुढे कुठे ठेवायचं त्याची मीटिंग हॉस्पिटलातच झाली. मावशीने मला सोबत नेलं. सोशल वर्कर तीच होती. मावशीने तयारी केली होती: आता दुकान नाही, मी दिवसभर घरी, दाराला वरून कडी बसवून घेते. सोशल वर्करने सगळं ऐकलं, लिहून घेतलं, आणि विचारलं, "ते पहाटे उठून निघाले तर तुम्ही त्यांना अडवू शकाल का?"

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या शनिवारची पहाट तिला आठवली असावी. ती खोटं बोलली नाही. नुसती हातातल्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

काकांना ठेवलं ते वृद्धांचं होम शहराच्या कडेला होतं. स्वच्छ होतं, माणसं भली होती. भिंतीवर एक पाटी होती: इथे प्रत्येक दिवस एक उत्सव आहे. मी ती वाचली आणि मला आमच्या जिन्यातल्या फ्रेमची आठवण झाली. तिथे सगळ्यांना लोकरीची जॅकेटं घालत, पुढून बटणांची, घालायला सोपी. काकांनी ते घातलं, पण हॉलमध्ये बसायला येईनात. जेवायला, गाण्यांना, कशालाच नाही. नर्सना वाटलं उदास आहेत. मावशीने मला फोनवर सांगितलं, "तसं नाही गो. कोट नाही म्हणून. फ्लोअरवर कसे येतील?"

म्हणून मी क्रॉयडनमधली चॅरिटी शॉप्स पालथी घातली. दुकानाच्या लेबलाचे कोट मिळत होते, लोक आता ते सोडून देऊ लागले होते. करडा मात्र मिळाला नाही. निळा घेऊन गेले. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, खांद्याची शिवण बघितली, बाही हातभर ताणली आणि माझ्याकडे परत दिला. "हा तुमच्या साहेबांना बसणार नाही, मॅडम. खोटं कशाला सांगू?" सल्लागाराने त्यांना हाकलून द्यायला हवं होतं असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं; त्या जाड्या गिऱ्हाइकाच्या भानगडीनंतर लगेच हाकललं असतं तर ते चिडून घरी बसले असते, आणि कोट अंगात असता.

मार्चमध्ये मावशीने मलिदा केला. प्रार्थनेला दहा पुरुष असावेत म्हणतात; तिच्याकडे मी एकटी होते. ती खोबरं खोवत होती, मी गूळ चिरत होते. "नवस आहे, फेडायला हवा," ती म्हणाली.

"पण मावशी, झालं तर सगळं उलटंच."

"सापडू देत म्हटलं होतं. सापडले. घरी राहू देत असं मी म्हटलंच नाही." तिने पोह्यांवर पाण्याचा हात फिरवला. "थंडीत घाईघाईत बोलल्ये. आणि शब्बाथ मोडून वर मागणं मागितलं. शनिवार मोडला नसता तर काही झालं नसतं."

मी सुरी खाली ठेवली. "मावशी, शनिवारमुळे नाही झालं. कोट मी विकला. माझ्या गल्ल्यावर आला, चिठ्ठी नव्हती, मी आत बघितलं नाही. हाताला गरम लागला तरी बघितलं नाही. आणि खुंटी पण मीच विकली."

खवणीचा आवाज थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, नारळाच्या वाटीकडे बघत होती. तिने विचारलं, "घडी घातली होतीस?"

"हो."

"म्हणून पट्टी दिसली नाही. मीच शिकवली तुला. अस्तर आत." तिने पुन्हा खोवायला घेतलं. मग म्हणाली, "हे तू मला सांगितलं नाहीस. समजलं? तुझी चूक धरली तर मला तुझ्याशी बोलणं टाकावं लागेल, आणि माझ्याशी मराठी बोलायला आता तू एकटी उरल्येस. मला माझा शनिवार पुरे आहे."

गूळ चिरायचा राहिला होता. मी तो चिरला.

दुपारी डबा घेऊन आम्ही होमला गेलो. हॉलमध्ये गाणी चालली होती, टाळ्या वाजत होत्या. काका खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते, जॅकेटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. मावशीने वाटीत मलिदा दिला. त्यांनी सगळा खाल्ला, वाटी पुसून घेतली. मग माझ्याकडे पाहिलं.

"नवीन का तुम्ही? कुठल्या काउंटरला?"

"टॉवेल, काका."

त्यांनी मान हलवली, आणि मावशीकडे वळून हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "ह्या बाईंना सांग, खाली जाऊन माझं नाव सांगा. कोट सापडला की लगेच येतो म्हणावं."

"सांगते," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या हातातली रिकामी वाटी घेतली.